लाइनीवरच्या लोपीसबाई

लोपीसबाईंना 'मघाशी' हा शब्द चालत नसे. "बाई, मघाशी प्रिंटर अडकला होता," असं कोणी म्हटलं की मान वर न करता त्या विचारत, "मघाशी म्हणजे किती वाजता?"

"झाला असेल अर्धा तास."

"असेल नको. सांग."

मग तो माणूस आठवून आठवून "अकरा वाजून दहा मिनिटं" असं काहीतरी सांगे आणि बाई ते शाळकरी वहीत लिहून ठेवत. आधी वेळ, मग जागा, मग काय झालं ते. कारणाचा रकाना रिकामा सोडत. "कारण मागाहून सापडतं. वेळ मागाहून सापडत नाही," हे त्यांचं वाक्य मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की घरी बायकोला त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू लागलो.

वसईतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात, कॉम्प्युटरच्या खोलीत, आम्ही सहा वर्षं समोरासमोर बसलो. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तिथे आजही चांगले डॉक्टर आहेत, चांगल्या सिस्टर आहेत, आणि जे घडलं ते घडवणारे बहुतेक लोक आता तिथे नाहीत. मी धरून.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, फुलाफुलांची सुती साडी नेसणाऱ्या. गळ्यात बारीक साखळीत क्रूस आणि कानामागे पेन्सिल. राहायला भुईगावला. नवऱ्याची, पास्कूभाऊंची, तिथे पानवेलींची आणि केळीची वाडी होती. गावाकडून फोन आला की बाईंची बोली पालटायची, 'सांगते'चं 'हांगते' व्हायचं, आणि विरारच्या मनवेलपाड्याहून येणाऱ्या माझ्यासारख्याला निम्मं कळेनासं व्हायचं. फोन ठेवला की पुन्हा शाळेतल्या बाईंसारखी स्वच्छ मराठी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. फोन उचलला की 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. "कोण लाइनीवर?" असं विचारायच्या.

ही सवय जुनी होती. कॉम्प्युटर येण्याआधी, ऐंशी-नव्वदच्या दशकांत, बाई इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. जिन्याखालच्या खोलीत, दिवे आणि कळांच्या त्या बोर्डासमोर त्यांची पंधराएक वर्षं गेली. तेव्हाची एक गोष्ट जुन्या सिस्टर सांगायच्या. आखातात नोकरीला असलेल्या एका माणसाच्या बायकोचं ऑपरेशन चालू होतं आणि त्याचा तिथून फोन आला. डॉक्टर आत. बाहेर यायला अजून वेळ. बाईंनी त्याला थांबवून ठेवलं, पण नुसतं थांबवलं नाही. दुसरे फोन जोडता जोडता दर मिनिटाला त्या त्याच्याकडे परत जात. "आहात ना लाइनीवर? आज बाजारात बोंबील चांगला आलाय. आहात ना? आमच्याकडे दोन दिवस उकाडा फार आहे." वीस मिनिटं त्यांनी त्या माणसाला असं धरून ठेवलं. मग डॉक्टर बाहेर आले आणि बाईंनी लाइन जोडून दिली. बायको बरी झाली. सुट्टीवर आल्यावर तो माणूस त्या आवाजाच्या बाईला बघायला म्हणून इस्पितळात आला, तर बाईंनी आतूनच निरोप पाठवला, "ड्यूटीवर आहे, भेटता येणार नाही."

मी एकदा त्यांना या गोष्टीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय. थांबवलेल्या माणसाशी बोललं नाही की लाइन तुटते आणि त्याला कळतसुद्धा नाही. कानाला रिसीव्हर लावून बसून राहतो बिचारा. गप्प बसलेली लाइन चालू आहे असं कधी धरून चालू नये."

पुढे आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि बोर्ड भंगारात गेला. बाई राजीनामा देतील अशी प्रशासकांची अटकळ होती. बाईंनी दिला नाही. मग त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत पाठवलं, प्रिंटरमध्ये कागद घालायला. दोन वर्षांत त्या खोलीतलं सगळं काम त्यांच्याकडे आलं. ते कसं आलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. सर्व्हरबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं कपाटात न उघडता पडली होती. बाईंनी एक पुस्तक घेतलं, शेजारी मुलीची शाळेतली डिक्शनरी ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पानं, समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत, वाचायला सुरुवात केली. त्यांचे उच्चार ऐकून सॉफ्टवेअर कंपनीचा नितीन नावाचा इंजिनिअर हसायचा. तो मुंबईहून यायचा, पंचविशीतला, हुशार, कायम घाईत. बाईंनी एखादा प्रश्न विचारला की तो उत्तर मला द्यायचा.

भानगड सुरू झाली ती नव्या इमारतीपासून.

जुन्या इमारतीसमोरच्या गल्लीपलीकडे ट्रस्टने एक नवी इमारत उभारली आणि लॅब, एक्स-रे आणि रक्तपेढी तिकडे नेली. सर्व्हर आमच्याकडेच राहिला. दोन इमारतींच्या मधे, तिकडच्या एका भिंतीतल्या कपाटात, कंपनीने एक पेटी बसवली. बाहेरच्या कोणी आमच्या माहितीत शिरू नये म्हणून राखण करणारी ती पेटी. तिचा पासवर्ड कंपनीकडे, कपाटाची किल्ली आमच्या खोलीत.

त्याच सुमारास प्रशासकांनी हुकूम काढला की रक्ताची मागणी यापुढे फोनवर करायची नाही, कॉम्प्युटरवरच करायची, म्हणजे नोंद राहते. वॉर्डमधल्या सिस्टरने मागणी भरली की ती सर्व्हरवर जाई आणि रक्तपेढीतल्या पडद्यावर लाल अक्षरांत आपोआप उमटे. पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना हे लाल अक्षर आवर्जून दाखवलं जाई.

पण अधूनमधून अक्षर उमटेना. विशेषतः रविवारी. रक्तपेढीतला तंत्रज्ञ विलास, विरारचाच, माझ्या ओळखीचा, सरळ आणि थोडा अबोल मुलगा, सोमवारी येऊन सांगायचा, "बाई, काल परत पडदा मेला होता. म्हणजे दिसायला चांगला होता. पण सिस्टरचा फोन आल्यावर प्रोग्राम बंद करून उघडला, तेव्हा मागणी दिसली."

नितीनला बोलावलं की तो येई, सगळं बंद करून चालू करी आणि म्हणे, "चालतंय की. युजर प्रॉब्लेम आहे."

बाईंनी वहीत वेगळं पान उघडलं. मग एका रविवारी चर्चमधून थेट इस्पितळात आल्या आणि रक्तपेढीत विलासशेजारी खुर्ची टाकून बसल्या. पडद्याला हात न लावता चाळीस मिनिटं जाऊ दिली, मग मला जुन्या इमारतीतून खोटी मागणी पाठवायला लावली. उमटली. पन्नास मिनिटांनी पाठवली, उमटली. अठ्ठावन्न मिनिटांनी उमटली. बासष्ट मिनिटांनी पाठवलेली उमटली नाही. पडदा तसाच शांत, नेहमीसारखा निळा. बाईंनी असं तीन रविवार केलं. जुन्या इमारतीत तोच प्रयोग केला तर दोन तासांनीसुद्धा मागणी उमटत होती.

"दळवी, इकडे ये," असं म्हणून त्यांनी मला कागदावर समजावलं. "ती मधली पेटी आहे ना, ती एक यादी ठेवते. कोण कोणाशी बोलतंय त्याची. तासभर कोणी बोललं नाही की नाव खोडते. आणि खोडलं हे दोघांपैकी कोणालाच सांगत नाही. सर्व्हरला वाटतं रक्तपेढी लाइनीवर आहे. रक्तपेढीला वाटतं सर्व्हर आहे. मधे कोणीच नाही. रोजच्या दिवशी इतकी ये-जा असते की तास भरतच नाही. रविवारी भरतो."

"मग सर्व्हर विचारत नाही, आहेस का म्हणून?"

बाईंनी पुस्तकातलं एक पान उघडून दाखवलं. समासात पेन्सिलीच्या खुणा. "विचारतो ना. पण दोन तासांनी. पेटी एका तासात विसरते आणि हा दोन तासांनी विचारतो. ते दोन तास बदलून अर्धा तास करायचे. एक आकडा आहे, दळवी. एकच."

त्यांनी प्रशासकांना पत्र लिहिलं. मराठीत, सुवाच्य अक्षरात, तिन्ही रविवारच्या वेळा देऊन. पत्रावर शेरा आला, 'कंपनीस विचारावे'. कंपनीला विचारलं. नितीन म्हणाला, "बाई, मूळ सेटिंगला हात लावायचा नसतो. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" त्याने हेही मलाच सांगितलं.

सर्व्हर आमच्या खोलीत होता, तो आकडा बाईंना स्वतः बदलता आला असता. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "लेखी परवानगीशिवाय नाही. बोर्डावर असताना मी कोणाचं बोलणं कधी ऐकलं नाही, दळवी. ऐकता येत होतं तरी." पुढे या एका वाक्याचा त्यांना किती पश्चात्ताप झाला ते मला माहीत आहे.

परवानगी येईपर्यंत म्हणून त्यांनी एक तोड काढली. रक्तपेढीच्या पडद्याला चिठ्ठी चिकटवली: 'दर अर्ध्या तासाने ही कळ दाबावी.' कळ दाबली की पडदा सर्व्हरला काहीतरी विचारी आणि नाव यादीत राही. शिवाय रविवारी, सणावारी त्या स्वतः कुठूनही फोन करायच्या. घरून, शेजाऱ्यांकडून, गावातल्या बूथवरून. "विलास, कळ दाब." एवढंच. सात-आठ महिने हे चाललं. पास्कूभाऊ एकदा मला म्हणाले होते, "आमच्या घरात रविवारचं जेवण कळीवर चालतं."

मग इस्पितळाच्या मान्यतेसाठी समिती यायची ठरली. प्रशासक नव्या इमारतीतून फेरी मारत होते. त्यांना पडद्यावरची चिठ्ठी दिसली. "हे काय? हे किराणा दुकान आहे का?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ती काढली. विलासने बाईंना सांगितलं. बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली. तीही निघाली. तिसऱ्या वेळी विलासला मेमो मिळाला.

ती समिती येऊन गेल्यानंतरचा रविवार. त्या दिवशी वटारला बाईंच्या भावाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. आठवडाभर त्या त्याच्या तयारीत होत्या. विलासला त्यांनी शनिवारी बजावून ठेवलं होतं आणि विलासनेही सकाळभर आठवणीने कळ दाबली. दुपारी मात्र त्याला फ्रीजच्या तापमानाची नोंद नव्या तक्त्यात उतरवायची होती. समितीनेच तो तक्ता द्यायला सांगितलं होतं. ते काम करता करता तास उलटला.

दोन वाजून पाच मिनिटांनी जुन्या इमारतीतल्या प्रसूती वॉर्डमधून रक्ताची मागणी भरली गेली. पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातली बाई, दुसरं बाळंतपण, बाळ झालं आणि रक्तस्राव थांबेना. सिस्टरने मागणी भरली, कॉम्प्युटरने 'नोंद झाली' असं सांगितलं, आणि सिस्टर पेशंटकडे धावली. रक्तपेढीत पडदा निळा, शांत. पाऊण तासाने सिस्टरने हुकूम मोडून फोन केला, "विलास, रक्ताचं काय झालं?" विलास म्हणाला, "कसलं रक्त?"

त्यानंतर त्याने जे करायचं ते धावत केलं. रक्त पोचलं. संध्याकाळी ती बाळंतीण गेली. तोवर तिची सासू बाहेर बाकावर बसली होती. ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, "तिला पानी पाजू का? मघापासून पानी मागते." हे मला वॉर्डमधल्या सिस्टरने सांगितलं. वेळेवर रक्त मिळालं असतं तरी ती वाचली असती का, याचं उत्तर डॉक्टरांनी कधी सरळ दिलं नाही. कदाचित त्यांनाही ते ठाऊक नसेल.

वटारला, दुपारच्या जेवणाची पानं मांडताना, बाईंना एकदम आठवलं. भावाच्या घरचा फोन बंद होता. त्या तशाच, नव्या साडीत, बूथपर्यंत चालत गेल्या. त्यांनी रक्तपेढीला फोन लावला तेव्हा तीन वाजले होते. कोणी उचलला नाही. विलास रक्ताच्या पिशव्या घेऊन गल्ली ओलांडत होता.

सोमवारी सकाळी चौकशी सुरू झाली. सर्व्हरवरची नोंद स्वच्छ होती: मागणी दोन वाजून पाच मिनिटांनी आली. विलास म्हणत होता, माझ्या पडद्यावर नव्हती. प्रशासकांनी नोंद त्याच्यासमोर धरली. "ही काय आहे मग? तू जागेवर नव्हतास, हे कबूल कर." बाईंनी वही काढली. त्यांना दहा वाजता प्रशासकांच्या खोलीत बोलावलं आणि दीड तास बसवून ठेवलं.

त्या दीड तासात नितीन आमच्या खोलीत आला. लॅपटॉप आणि एक वायर घेऊन. "दळवी, नव्या इमारतीतल्या कपाटाची किल्ली द्या जरा. पेटी तपासतो."

किल्ली द्यायची तर रजिस्टरात वेळ लिहून सही घ्यायची, हा बाईंचा नियम. मी रजिस्टर पुढे केलं. तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे, कशाला." आणि मी रजिस्टर मागे घेतलं. तो काय करायला चाललाय हे मला कळत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. कळत होतं.

वीस मिनिटांनी त्याने किल्ली आणून दिली आणि मान खाली घालून निघून गेला.

बाईंनी प्रशासकांकडे एकच गोष्ट मागितली होती: माझ्यासमोर एक तास बसा. ती मान्य झाली. बुधवारी दुपारी रक्तपेढीशेजारच्या खोलीत एक वेगळा कॉम्प्युटर मांडला, त्यावर तोच निळा पडदा उघडला. प्रशासक, मोठे डॉक्टर, कंपनीचे साहेब, नितीन, विलास, मी. कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. बाई ताठ बसल्या होत्या, मांडीवर वही. चहा आला. एक तास फार मोठा असतो. मोठे डॉक्टर दोनदा उठून जाऊन आले. विलास एकटक पडद्याकडे बघत होता. त्याची नोकरी त्या पडद्यावर काही न उमटण्यावर अवलंबून होती.

सत्तर मिनिटं झाल्यावर बाईंनी वॉर्डला फोन केला. तिकडून मागणी पाठवली गेली.

दोन सेकंदांत लाल अक्षरं उमटली.

कंपनीचे साहेब खुर्चीत मागे रेलले. प्रशासक म्हणाले, "बाई, तुमच्या डोळ्यांसमोर सिस्टिम चालली. आता?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच नितीनकडे मान वळवली. "तू सोमवारी आला होतास."

नितीन बुटांकडे बघत होता.

"पेटीतला आकडा बदललास ना रे? चांगलं केलंस. पण बदललास म्हणजे आधीचा चुकीचा होता. एवढंच साहेबांना सांग. दुसरं काही नको."

कंपनीचे साहेब म्हणाले, "आमचा माणूस सोमवारी इथे फक्त चौकशीला आला होता. कपाट बंद असतं. किल्ली तुमच्याच खोलीत असते."

सगळे माझ्याकडे वळले. प्रशासकांनी विचारलं, "दळवी, सोमवारी किल्ली कोणी नेली होती?"

मनवेलपाड्याला नुकतंच घर घेतलं होतं. मोठी मुलगी पहिलीत होती. ही कारणं आहेत. कारणं मागाहून सापडतात. मी म्हणालो, "रजिस्टरात नोंद नाही, साहेब."

हे खोटं नव्हतं.

विलासला त्या आठवड्यात काढलं. 'कर्तव्यावर गैरहजर' असं कागदावर लिहिलं, म्हणजे दुसऱ्या रक्तपेढीत त्याला कोणी घेईना. तो माझ्याशी त्यानंतरही विरारच्या बाजारात दोनदा बोलला. त्याला किल्लीचं माहीत नव्हतं. पुढे तो दिसेनासा झाला.

बाई त्या बाळंतिणीच्या घरी गेल्या. कोणी सांगितलं नव्हतं, आपल्या आपण. बस बदलून, पुढे बांधावरून चालत. परत आल्यावर चौथ्या दिवशी जेवताना डबा तसाच ठेवून सांगू लागल्या. सासूने त्यांना पाणी दिलं, बसायला दिलं. बाईंनी सगळं समजावलं: त्या मुलाची चूक नव्हती, पडदा बंद पडला होता, मला माहीत होतं, मी आठ महिने सांगत होते. नवरा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "त्याला काढला ना कामावरून?"

"काढला. पण त्याची चूक नव्हती, भाऊ."

"तुम्ही त्याच इस्पितळाच्या ना? मग त्याचीच बाजू घेनार. त्याला काढला हे एक बरं झालं. आमाला तेवढंच मिळालं. ते बी काढून घ्यायला आलात?"

बाई म्हणाल्या, "मी त्याला काय सांगणार, दळवी? खरंच तेवढंच मिळालं होतं त्याला."

त्यांनी माझ्याकडे बघून हे सांगितलं. किल्लीबद्दल त्यांनी मला एकदाच विचारलं, त्या बुधवारी संध्याकाळी, खोलीत दोघंच असताना. "दळवी, सोमवारी किल्ली कोणी नेली?"

मी म्हणालो, "कोणी नाही, बाई."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण लिहिताना त्यांची पेन्सिल दोन वेळा थांबली.

त्यानंतर अडीच वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. बाई वाईट वागल्या नाहीत. कामाचं बोलायच्या, माझ्या मुलीच्या तापाची चौकशी करायच्या, नाताळात कुळकुळांच्या गोड फराळाचा डबा सगळ्यांना यायचा तसा मलाही यायचा. फक्त पुस्तकातलं काही नवीन सापडलं की "दळवी, इकडे ये" म्हणायच्या, ते थांबलं. सर्व्हरवरच्या दोन तासांचा अर्धा तास करायची लेखी परवानगी चौकशीनंतर महिन्याने आली, कंपनीच्या शिफारशीने. पत्रात 'आमच्या तज्ज्ञांच्या निदर्शनास आल्याप्रमाणे' असं होतं. बाईंनी ते पत्र फाइलला लावलं, आकडा बदलला. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यानंतर रविवारी रक्तपेढीचा पडदा कधी मेला नाही, आणि प्रशासक पाहुण्यांना पुन्हा लाल अक्षरं दाखवू लागले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. प्रशासकांनी भाषणात 'टेलिफोन बोर्डापासून संगणकापर्यंत' असं म्हटलं. बाई उत्तरादाखल बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, "विलास आज इथे असायला हवा होता." एवढंच बोलून बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. मग पहिल्या रांगेतल्या कोणीतरी वाजवल्या.

पुढल्या वर्षी मीही दुसरी नोकरी धरली. आणि एका डिसेंबरात, कशाने कोण जाणे, सकाळी उठून भुईगावला गेलो. विचारत विचारत अरुंद गल्लीतून वाडी गाठली. बाई पानवेलींच्या वाफ्यांत होत्या, साडीचा काचा मारलेला, हातात खोरं, पायाशी वाहतं पाणी. केस पूर्ण पांढरे. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग म्हणाल्या, "दळवी. मुली बऱ्या आहेत?"

मी म्हणालो, "बाई, त्या सोमवारी किल्ली मी दिली होती. नितीनला. रजिस्टरात लिहिलं नाही."

त्यांनी खोऱ्याने एका वाफ्याचं तोंड बुजवलं. पाणी थांबून तुंबलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." त्या रागाने म्हणाल्या नाहीत. "पहिला एक आठवडा. मग एक महिना. मग म्हटलं, जाऊ दे, याचीही मुलं लहान आहेत. तेही चुकलंच माझं. परवानगीची वाट बघितली ते जसं चुकलं, तसंच."

मी काही तरी म्हणू लागलो. माफी हा शब्द त्यात होता. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मला सांगून काय करतोस? विलास बोईसरला असतो. स्टेशनच्या पूर्वेला, एका औषधाच्या दुकानात गोळ्या काढून देतो. त्याची आई गेली गेल्या वर्षी, शेवटपर्यंत तिला वाटत होतं पोरगा कामावर झोपला होता. तू तिकडे जा." आणि मग, जरा मऊ आवाजात, "आज नको जाऊ. आज त्याची सुट्टी असते. उद्या जा."

त्यांनी दुसऱ्या वाफ्याचं तोंड उघडलं. पाणी वेलींच्या मुळांकडे वळलं आणि त्या त्याच्या मागे मागे, वाकून, वेलींच्या हिरव्या सावलीत शिरल्या. आतून त्यांनी पास्कूभाऊंना हाक मारली, काहीतरी त्यांच्या बोलीत सांगितलं, मला कळलं नाही. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्याला चार वर्षं झाली. बोईसर काही लांब नाही. मी अजून गेलेलो नाही.